गीतांजलीनं ही गाडी घ्यावी का

अकोला
९ नोव्हेंबर २०२५

रागिणी,

तुला भरपूर आयुष्य लाभो, आणि शेखररावांना नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते तसंच परत पाठवशील, असं वाटलं म्हणून पत्ता गीतांजलीकडून लिहून घेतला. रागावू नकोस. आत फक्त गाडीबद्दल आहे.

गेल्या रविवारी गीतांजली आली होती. पोरगी किती तुझ्यासारखी दिसायला लागली गं. दारात उभी राहिली तेव्हा मला क्षणभर वाटलं, तूच कॉलेजातून आलीस. तिला इथे बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागल्याचं तिनंच सांगितलं. रोज गावोगाव फिरावं लागेल म्हणाली. मग अंगणातल्या गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "मावशी, तू तर आता चालवत नाहीस. मला विकत दे ना."

ते खरं आहे. डाव्या गुडघ्यानं क्लच दाबवत नाही. शाळेतून रिटायर झाल्यावर जायचंही फारसं कुठे नसतं. मी म्हटलं, "विकत कशाला, घेऊन जा." तेव्हा तिचा चेहरा पडला. तू तिला काय म्हणालीस ते तिनं अडखळत सांगितलं, की ती गाडी आणलीस तर घरात पाय ठेवू नको, त्या डब्ब्यानं माझ्या आईला रस्त्यात अडकवलं.

म्हणून हे पत्र. तू गणित शिकवतेस, अमरावतीला राजापेठेत तुझ्या शिकवणीला जागा मिळत नाही म्हणतात, तेव्हा तुला आकड्यांतच सांगते.

गाडी मी २०१८ मध्ये धामणगाव रेल्वेच्या एका रिटायर्ड स्टेशनमास्तरांकडून घेतली, तेव्हा एकेचाळीस हजार किलोमीटर चालली होती. आज अठ्ठ्याऐंशी हजार झाले. गावात तेरा-चौदाचं अ‍ॅव्हरेज देते, हायवेवर ऐंशीच्या वर नेली नाही तर अठरा. बॅटरी एकदा बदलली, टायर एकदा, क्लचप्लेट सत्तर हजार किलोमीटर झाल्यावर. सर्व्हिसिंग डाबकी रोडच्या बंडू मिस्त्रीकडे. त्याचा आणि विम्याचा खर्च धरून वर्षाला माझ्या एका महिन्याच्या पेन्शनच्या अर्ध्यात भागतं. खोडी म्हणशील तर, एसी मे महिन्यात हार मानतो, मागची डावी काच खाली जात नाही, आणि खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकात टक्-टक् वाजतं. बंडू म्हणतो, "ताई, वाजते तवरोक समजा का ते जित्ती हाये."

कधीकधी दुपारी मी नुसतीच तिच्यात जाऊन बसते. उन्हानं सीट तापलेल्या असतात, काचेवर कडुलिंबाची पानं पडलेली असतात, आणि इंजिन बंद असूनही वाटतं की आपण कुठेतरी चाललोय. रस्ता हळूहळू मागे सरकतोय, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आहे. असो. हे गीतांजलीला सांगू नकोस, हसेल.

पोरीला रोज खेड्यापाड्यांत जायचं आहे. तिला भरवशाची गाडी हवी. मी तुला एवढंच खात्रीनं सांगते, सात वर्षांत हिनं मला एकदाही रस्त्यात उभं केलं नाही.

तुझी,
ताई

---

अकोला
२० नोव्हेंबर २०२५

रागिणी,

गीतांजलीनं माझंच पत्र मला परत आणून दिलं. शेवटच्या वाक्याखाली लाल पेनाची रेघ, आणि तिच्याखाली तुझं टोकदार अक्षर: मग मूर्तिजापूरले काय झालं होतं?

चार दिवस ते पत्र देवघरात ठेवलं. मला वाटलं होतं, चुकून लिहिलं गेलं. आता वाटतं, चुकून नसेल. तीन वर्षं जे बोलता येत नव्हतं, ते हातानंच लिहून टाकलं.

मूर्तिजापूरला काही झालं नव्हतं. गाडी बंद पडली नव्हती. गरम झाली नव्हती. मी फोनवर तुला जे सांगितलं, रेडिएटरमधून वाफा निघताहेत, मेकॅनिक बघतोय, आज पोचणं होत नाही, त्यातलं एकही अक्षर खरं नव्हतं.

तो सोमवार आठवून बघ. मंगळवारी सकाळी अमरावतीला आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होतं. बेड तू मिळवला होतास, डॉक्टरांच्या मागे तू लागली होतीस, दवाखान्याच्या दारात फाइल घेऊन तू उभी होतीस. मी आईला पुढच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली आणि आठ वाजता निघाले. रस्ता नवा झाला होता, गाडी पाण्यावरून जावी तशी जात होती. बोरगाव मंजू गेलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका झाडाखाली चहाची टपरी होती, तिथे ती म्हणाली, "थांबव जरा."

मला वाटलं, जीव घाबरला असेल. तिनं बशीत ओतून चहा घेतला. मग म्हणाली, "साधने, मले तिकडं नको नेऊ."

"काहून वो माय? सारं ठरलं हाये. रागिणी उभी हाये तिकडं."

"ठरवलं तुमी दोघीनं. मले कोनं इचारलं? लय जगली मी. आता कापाकापी नको. मले पातूरले ने. वावर पाह्यचं हाये."

वावर म्हणजे आपलं जुनं वावर गं. बाबा गेल्यावर शेजारच्या गोदाबाईच्या मुलाला, मनोजला विकलेलं, टेकडीखालचं. अकरा वर्षं तिनं ते पाहिलं नव्हतं. मी पुष्कळ समजावलं. रागिणीनं केलेलं सारं वाया जाईल म्हटलं, डॉक्टर रागावतील म्हटलं. ती रस्त्याकडे बघत राहिली, जशी आपण लहानपणी हट्ट केल्यावर बघायची तशी. आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. शेवटी म्हणाली, "तू गाडी शिकली तवा म्हने ना, माय, तू म्हनशीन तिकडं नेईन. मंग ने."

मी गाडी वळवली.

त्या दुपारचं तुला कसं सांगू. मी आजही कधी डोळे मिटले की तिथेच असते. ऊन होतं, पण टोचत नव्हतं. टेकडीपासून विहिरीपर्यंत नुसता झेंडू आणि शेवंती, पिवळं की केशरी ते कळेना, आणि मधमाश्यांचा असा एक आवाज, जणू कुणीतरी लांबवर पाट सोडलाय. आईनं बांधावर चपला काढल्या. जी बाई पायरी चढताना तीनदा थांबायची, ती सरीतून चालायला लागली. एका हातानं माझा खांदा धरलेला, दुसऱ्या हाताच्या नखानं वाळलेली फुलं खुडत जात होती. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप जात होता. गोदाबाई धावत आली, "बाप्पा! पार्बताबाई!" म्हणाली, आणि दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या हसत राहिल्या.

गोदाबाईनं ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत केलं. आईनं अर्धी भाकर खाल्ली. गेल्या महिनाभरात तिनं तेवढं कधी खाल्लं नव्हतं. मग कडुलिंबाखाली पोत्यांवर आडवी झाली. तिच्या तोंडावर पानांची सावली हलत होती. झोपेत ती चाळीस वर्षांची दिसत होती. मला वाटलं, आता हिला काही होणार नाही, इथेच अशीच दुपार राहील, मी गाडी कधी काढणारच नाही.

संध्याकाळी अकोल्याला आलो. पुढचं तू जाणतेस. मंगळवारी सकाळी अर्धा कप चहा घेतला आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या गेली. तू अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन निघालीच होतीस.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "हिच्या चिंगूसपनानं माय गेली. अर्धे पैसे देते, नवी गाडी घे म्हनलं होतं मी." मी मान खाली घातली. तुला राग धरायला काहीतरी हवं होतं आणि गाडीला काही कळत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

तुला आधी का सांगितलं नाही? आईनंच सांगितलं होतं, रागिणीले सांगजो नको, तिच्या जिवाले लागन. तिचा शब्द मी पाळला.

ताई

---

अकोला
७ डिसेंबर २०२५

रागिणी,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. तू एकटी एसटीनं पातूरला जाऊन आलीस हे वाचलं तेव्हा मी उभी होते, खाली बसले.

तू लिहिलंस, गोदाबाई म्हणते, माय दिवसभर माझी वाट पाहत होती. आता खरं लिही, नाहीतर लिहूच नको.

खरं लिहिते.

आईनं मला कधीच सांगितलं नाही, की रागिणीला सांगू नकोस. ते मागच्या पत्रात मी माझ्या मनानं घातलं. एक खोटं कबूल करताना दुसरं लिहून बसले. कागदावर सुद्धा मी तिच्याच पदराआड लपले.

झालं असं. वावरात पाय ठेवल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "रागिणीले फोन लाव. तिले बलाव. म्हन, कापाकापी नाई करत, पन सारे मिळून भाकर खाऊ." अमरावतीहून गाडी करून निघाली असतीस तर तीन तासांत आली असतीस. आई संध्याकाळी पाचपर्यंत तिथे होती.

मी विहिरीमागे गेले, जिथून आवाज ऐकू जाणार नाही अशा जागी. फोन लावला. तू उचललास आणि मी काही बोलायच्या आत म्हणालीस, "ताई, कुठवर आल्या? डॉक्टर दोनदा इचारून गेले." तुझ्या आवाजात इतकी धावपळ होती, इतका भरवसा होता, की मी घाबरले. मला दिसलं, खरं सांगितलं तर तू येशील, पण एकटी येणार नाहीस. अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन येशील. तू रडशील, मग आई तुझ्याकडे बघून हो म्हणेल, आणि उद्या सकाळी तिला मनाविरुद्ध टेबलावर नेतील. तुझं तिनं कधी मोडलं नाही. माझंच मोडायची.

म्हणून तोंडातून गाडी निघाली. रेडिएटर, वाफा, मेकॅनिक. एवढं सगळं मला कसं सुचलं ते आजही कळत नाही.

मग आईजवळ आले. ती फुलं खुडता खुडता थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "येते का?"

मी म्हणाले, "नाई माय. पोरायची परीक्षा हाये म्हने. तिले जमत नाई."

आता हे तुला मिळालं, रागिणी. यापुढे माझ्याजवळ लपवायला काही उरलं नाही. तू दवाखान्याच्या दारात फाइल घेऊन उभी होतीस आणि मी आईला सांगितलं की तुला जमत नाही.

ती म्हणाली, "हाव. पोरायचं नुकसान नको." आणि पुन्हा खुडायला लागली. तक्रार केली नाही. पण वावराच्या तोंडाशी मोटरसायकल वाजली की मान वळवायची. गोदाबाईनं पाहिलं ते खरं आहे. मीही पाहत होते. पाचदा-सहादा पाहिलं. दर वेळी वाटायचं, आता फोन लावावा, अजून वेळ आहे. दर वेळी वाटायचं, ही दुपार अजून थोडी अशीच राहू दे.

मागच्या पत्रात मी त्या दुपारचं किती गोड वर्णन केलं. खोटं नव्हतं ते. पण त्या दुपारच्या मधोमध एक जागा रिकामी होती. ती तुझी होती, आणि ती मी रिकामी ठेवली.

मला वाटायचं, आईला तिच्या मनासारखं मरण दिलं. आता वाटतं, अर्धंच दिलं. अर्धं मी माझ्यासाठी ठेवून घेतलं. बाबा गेल्यावर ती माझ्याच घरी राहिली, पण डोळे तुझ्या वाटेला लागलेले असायचे. एक दिवस ती फक्त माझी असावी, असं मनात होतं का? होतं बहुतेक. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

गीतांजलीला गाडी घेऊ देऊ नये वाटलं तर देऊ नकोस. पण गाडीला दोष देऊ नकोस. जे काय ते माझं आहे.

साधना

---

अकोला
१८ जानेवारी २०२६

रागिणी,

तू स्वतः येऊन गेलीस, सगळं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहिते. परवा दिवसभर मला तुझ्याकडे धड बघता आलं नाही, आणि तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. तेव्हा मी काय पाहिलं ते तुला माहीत नसणार.

शुक्रवारी सकाळी फाटक वाजलं. मला वाटलं, दूधवाला. तू आणि गीतांजली. तुझे केस कानाजवळ पांढरे झालेत. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी "ये" म्हणायच्या आत तू हात पुढे केलास. "चाबी दे."

मी दिली. तू गाडी चालवायला कधी शिकलीस हे विचारायची हिंमत झाली नाही. गीतांजली मागे बसली, मी पुढे, आईच्या जागी. अंगणातून काढताना तुझ्या हातून गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. तू हायवेला लागलीस, अमरावतीकडे. मला वाटलं, तू मला दवाखान्याच्या दारापर्यंत नेणार, तिथे उभं करणार. पण मूर्तिजापूरच्या अलीकडे, त्या टपरीपाशी तू थांबलीस. तीन चहा सांगितले. मग गाडी वळवलीस आणि थेट पातूरला आणलीस.

या वर्षी मनोजनं निम्म्या वावरात गुलाब लावलाय. तू कडुलिंबाखाली बसलीस आणि म्हणालीस, "सांग. सक्काळपासून सांग. कायबी सोडू नको."

मी सांगितलं. आईनं कोणतं लुगडं नेसलं होतं, टपरीवर बशी कोणत्या हातात धरली, कुठल्या सरीत थांबली, भाकरीचा कोणता तुकडा ठेवला. गोदाबाई येऊन बसली आणि जिथे माझं चुकलं तिथे तिनं दुरुस्त केलं. तू मध्येच विचारायचीस, "मंग?" किंवा, "तवा किती वाजले असन?" आणि मी वेळ सांगितली की तू डोळे मिटायचीस. मला कळत होतं, त्या त्या वेळी तू दवाखान्याच्या कोणत्या बाकावर होतीस ते तू आठवत होतीस. दोन्ही दिवस तू शेजारी शेजारी ठेवून बघत होतीस.

"येते का" पर्यंत आले आणि माझं तोंड बंद झालं. तू म्हणालीस, "सांग." मी सांगितलं. पुन्हा एकदा तुझ्या तोंडावर सांगितलं, पोरायची परीक्षा.

तू उठलीस. मला वाटलं, आता मारशील. मारायला हवं होतंस. तू सरीत गेलीस आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिलीस. किती वेळ, ते मी मोजलं नाही. ऊन टेकडीवर गेलं होतं, सगळीकडे केशरी धूर असल्यासारखं दिसत होतं, आणि त्यात तुझी पाठ हलत होती. गीतांजली उठायला लागली, गोदाबाईनं तिचा हात धरला. "राहू दे वो बाई. मायसंगं बोलून राहिली ते."

परत आलीस तेव्हा तुझे डोळे सुजले होते, पण आवाज वर्गातला होता. तू म्हणालीस, "ऑपरेशन झालं असतं तं ते जगली असती का नाई, मले नाई माईत. ते मी सोडलं. पन मले जमत नाई असं समजून ते गेली, हे मी तुले माफ नाई करत. आज नाई. पुढचं पुढं."

मी म्हणाले, "हाव."

परत येताना गीतांजलीनं चालवली. तुझ्यापेक्षा बरी चालवते, खरं सांगू? पुढच्या चाकात टक्-टक् वाजलं तेव्हा तू मागून म्हणालीस, "हे काय वाजते?" मी सांगितलं. तू म्हणालीस, "उद्या बंडूले दाखव, पोरगी रोज हिच्यात जाईन." मी अंधारात समोर बघत राहिले.

घरी तू आत आली नाहीस. पाणी फाटकातच घेतलंस. शेवटची एसटी गाठायची होती. गीतांजली तुला स्टँडवर सोडायला निघाली. मी काचेशी येऊन विचारलं, "पोचल्यावर फोन करशीन?"

तू समोर बघत होतीस. मग पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवलीस.

"फोन नाई. दर रविवारी पत्र टाकजो. फोनवर तू खोटं बोलतं."

ताई